आमटी गरम पोचेल तेवढं गाव

पहिल्याच दिवशी अण्णांनी माझ्यासमोर एका वसाहतीचा नकाशा पसरला, माझ्या उजव्या हाताची दोन बोटं त्यातल्या एका घराच्या दारात उभी करायला लावली आणि म्हणाले, "हं. चल आता. भाजी घेऊन ये."

मी पुण्याहून आर्किटेक्चरची पदवी घेऊन नुकतीच बंगळूरला आले होते. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. नवऱ्याला इथं कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती, आणि बसवनगुडीतल्या दोन खोल्यांत दिवसभर बसून मी भिंतींशी भांडायच्या बेतात आले होते. मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी अण्णांचा पत्ता दिला. नगररचना खात्यातून निवृत्त झालेत, घरातच ऑफिस थाटलंय, जरा चक्रम आहेत पण माणूस सोन्यासारखा, असं त्या म्हणाल्या. यातला चक्रमपणा लगेच कळला. सोनं कळायला थोडा वेळ लागला.

"कुठली भाजी?" मी विचारलं.

"मेथी आण. ह्या घरात तू राहातीस. मंडई तिकडं कोपऱ्यात. निघ."

मी बोटं चालवत फाटकाबाहेर पडले. मध्ये कंपाउंडची भिंत आली. मी बोटं उचलून पलीकडे ठेवली, त्याबरोबर लाकडी पट्टी बोटांवर बसली. हलकेच, पण बसली.

"भिंतीवरनं उडी मारलीस? साडी नेसून? हातात पिशवी घेऊन?"

मी मुकाट्यानं भिंतीला वळसा घातला, रस्ता ओलांडला, मेथी घेतली आणि त्याच वळशानं घरी परत आले. अण्णा नकाशाकडे बघत मान हलवत होते. "मेथी सुकली गे, पुणेकर," ते म्हणाले, आणि कुणा बिल्डरनं आणून दिलेला तो नकाशा त्यांनी तिथल्या तिथं गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. माझं नाव त्यांनी कधी विचारलं की नाही आठवत नाही. शेवटपर्यंत मी पुणेकरच राहिले.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी बोलत, रस्त्यावर कन्नड, आणि सरकारी कागदांशी इंग्रजी. तिन्ही भाषा एकदम वापरायचे ते फक्त लॉऱ्यांसाठी. उंचीनं बेताचे, मिशा पांढऱ्या, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खिशात नेहमी दोन सायकल-क्लिपा. सायकल मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हती. लग्न केलं नव्हतं. कुणी का म्हणून विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "बायकोला विचारून सांगतो."

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं आणि ते वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. "गाव म्हणजे काय? एका घरची आमटी दुसऱ्या घरी गरम पोचते, तेवढं गाव. त्याच्या पलीकडं सगळा परदेश." एकदा एक बडा बिल्डर गुळगुळीत कागदावरची चित्रं घेऊन आला. हिरवळी, कारंजी, काचेच्या इमारती. अण्णांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "ह्या घरातनं त्या घरात आमटी द्यायची झाली तर?" बिल्डर हसला आणि म्हणाला की आमच्या घरांत राहणारे लोक आमटी देत-घेत नाहीत. "मग त्यांना एकमेकांसमोर घरं कशाला बांधून देता?" अण्णा म्हणाले, आणि त्याला कॉफीसुद्धा न पाजता वाटेला लावलं. त्या महिन्यात ऑफिसात दुसरं काम नव्हतं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

ही आमटी कुठून आली ते कळलं त्याच आठवड्यात, दुपारच्या कॉफीच्या वेळी.

अण्णांचं घर शहराच्या दक्षिण टोकाला, अगदी महामार्गाला चिकटून होतं. इतकं चिकटून, की लॉरी गेली की टेबलावरची पेन्सिल आपोआप माझ्याकडे घरंगळत यायची. दुपारी कॉफी झाली की अण्णा आपला स्टीलचा टंबलर घेऊन व्हरांड्यात जाऊन उभे राहत. समोर लॉऱ्या, बस, ट्रॅक्टर, धूळ. अण्णा ताटकळत. मग दोन लॉऱ्यांच्या मध्ये क्षणभर फट पडे आणि महामार्गाच्या पलीकडे, बरोबर समोर, एका बैठ्या घराच्या व्हरांड्यात एक म्हातारी दिसे. तिच्याही हातात टंबलर. अण्णा आपला टंबलर वर उचलत. तीही उचले. फट बुजे. दोघं आपापल्या बाजूला कॉफी पीत.

"माझी अक्का," अण्णा म्हणाले. "बोलणं झालं. चल, कामाला लाग."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन ती या शहरात आली आणि तिच्या मागोमाग शिकायला अण्णा. पुढं नोकरी लागल्यावर त्यांनी मुद्दाम तिच्या घरासमोर जागा घेतली. तेव्हा मधून कच्चा रस्ता जायचा आणि त्यावरून आनेकलकडच्या भाजीच्या बैलगाड्या यायच्या. अक्कानं फोडणी टाकली की अण्णांना इकडं ठसका लागायचा, आणि ठसका थांबायच्या आत आमटी दारात. मग रस्ता डांबरी झाला, रुंद झाला, आणखी रुंद झाला आणि एक दिवस त्याला महामार्ग म्हणू लागले. आधी हाक मारून भागायचं, मग ओरडावं लागलं, मग ओरडणंही ऐकू येईना, तेव्हा टंबलर आले. अक्काच्या दोरीवर लाल टॉवेल दिसला की त्याचा अर्थ 'ताबडतोब ये', आणि निळा दिसला की 'आमटी केलीय, जमलं तर ये'.

ते 'जमलं तर' काय असतं ते मी एकदा स्वतः अनुभवलं. निळा टॉवेल दिसला आणि अण्णा म्हणाले, "चल, तुला खऱ्या आमटीची चव दाखवतो." फाटकाशी आल्यावर त्यांनी खिशातून सायकल-क्लिपा काढल्या, पँटचे दोन्ही पाय घोट्याशी आवळले, मिटलेली छत्री भाल्यासारखी आडवी धरली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग अचानक "हूं!" म्हणून जे धावत सुटले, ते मी कशीबशी त्यांच्या मागे. मधल्या पट्ट्यावर थांबून त्यांनी एका लॉरीला तिन्ही भाषांत आशीर्वाद दिले. पुन्हा "हूं!" पलीकडे पोचलो तेव्हा माझ्या एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि अण्णांच्या चेहऱ्यावर शाळा चुकवल्याचा आनंद होता.

अक्का दारातच काठी टेकून उभ्या होत्या. "बाळ, पोरीला मारायला आणलंस होय रे?" सगळ्या गल्लीचे अण्णा तिथं एकदम बाळ झाले. अक्का न्हाणीत पडल्या तेव्हापासून त्यांच्या खुब्यानं दगा दिला होता. घरात, अंगणात चालत, पण महामार्ग ओलांडणं कायमचं बंद झालं होतं. भावाच्या घराचा उंबरा त्यांनी कैक वर्षांत पाहिला नव्हता. "तिथं खिडकीशी माझा पाट होता. आहे का गे अजून?" त्यांनी मला विचारलं. होता. अण्णा त्यावर कुणाला बसू देत नसत, हे मी सांगितलं आणि अक्का वाढायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग दोघं एकत्र का राहत नाहीत, असं मी परत आल्यावर अण्णांना विचारलं. पुण्याची सवय. अण्णा म्हणाले, "तिला तिची तुळस सोडवत नाही आणि मला माझी खिडकी. दोघं निपाणीचे. डोकी तंबाखूच्या वखारीएवढी." विषय संपला.

आणि एक दिवस बातमी आली. महामार्ग हलणार! लॉऱ्या आता शहराबाहेरून, एचएसआर लेआउटच्या पलीकडून जाणार, आणि आमच्या दारातली जमीन मोकळी होणार. अण्णांना मी धावताना पाहिलं होतं, नाचताना त्या दिवशी पाहिलं.

वाहतूक बंद झाली ती सकाळ मला आजही लख्ख आठवते. आवाजच नाही! लोक दारं उघडून बाहेर आले आणि सवयीनं एकमेकांशी ओरडून बोलू लागले. मग स्वतःचाच आवाज ऐकून दचकले आणि हसत सुटले. कुत्री डांबरावर बरोबर मध्यभागी पाय पसरून झोपली. टेबलावरची पेन्सिल ठेवली तिथं राहिली. अण्णा व्हरांड्यात येऊन साध्या आवाजात म्हणाले, "अक्का," आणि पलीकडून उत्तर आलं, "काय रे बाळ?" अण्णा मटकन पायरीवर बसले. कुठली तरी वर्षानुवर्षांची हाक पोचली होती.

पण आमचं सरकार! लोकांना आनंद झाला की आधी त्याचं काहीतरी चुकतं. मोकळ्या जागेवर अतिक्रमण होऊ नये म्हणून, शुक्रवारी अक्का पुरण घालून यायच्या होत्या त्याच्या आतच, रस्त्याच्या दोन्ही कडांना पत्र्याची उंच कुंपणं उभी राहिली. लॉऱ्यांमधून निदान फट तरी पडायची. पत्र्याला फट नव्हती. अक्का दिसेना झाल्या. पत्रा संपेल तिथपर्यंत जाऊन वळून यायचं म्हणजे अण्णांना रिक्षा करावी लागायची. पहिल्या दुपारी अण्णा टंबलर घेऊन पत्र्यासमोर उभे राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात पलीकडच्या पत्र्याच्या वर एक लांब काठी हळूहळू उगवली. तिच्या टोकाला स्टीलचा टंबलर पालथा घातलेला होता. अण्णांनी धावत जाऊन जळमटं काढायची काठी आणली, आपला टंबलर तिच्यावर पालथा घातला आणि वर धरला. त्यातली कॉफी त्यांच्या डोक्यावर सांडली. तेव्हापासून आमच्याकडे रोज पाडवा.

त्या जमिनीचं काय करायचं याचं काम अण्णांकडेच आलं. त्या भागाची त्यांना खडा न् खडा माहिती, म्हणून प्राधिकरणानं बोलावलं. मी हवेत होते. माझं पहिलं मोठं काम! पण प्राधिकरणाच्या मोठ्या साहेबांनी योजना आधीच ठरवून ठेवलेली निघाली. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लांबलचक शॉपिंग कॉम्प्लेक्स, खाली पार्किंग. आम्ही फक्त ते चांगलं काढून द्यायचं.

अण्णांनी तो आराखडा माझ्याकडून काढून घेतला, स्वतःची दोन बोटं आपल्या घराच्या दारात उभी केली आणि अक्काच्या घराकडे चालू लागले. बोटं कॉम्प्लेक्सच्या भिंतीला अडली. ते भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिले, कागदाच्या टोकापर्यंत. मग त्यांनी बोटं उचलली आणि मिशीवरून फिरवली. "लॉऱ्या परवडल्या," ते म्हणाले. "लॉऱ्या निदान हलतात तरी."

ते साहेबांना चार वेळा जाऊन भेटले. साहेब माणूस वाईट नव्हता. सभ्य, मृदू, आनेकलकडच्या शेतकरी घरातला. पण त्याचं एकच म्हणणं, कागदावर हे छानच दिसतंय की. अण्णांनी काम सोडून द्यावं असं मला वाटू लागलं, पण ते म्हणाले, "मी सोडलं तर दुसरा कुणीतरी हेच काढून देईल. आणि मग अक्काला मी काय, काठीवरनंच बघायचं?" त्यांचा आवाज फुटला. मी पहिल्यांदाच तो तसा ऐकला.

दुसऱ्या दिवशी ते आले ते नवीनच कल्पना घेऊन. डोळे चमकत होते. "पुणेकर! लोकांना नकाशा कळत नाही. चूक लोकांची नाही, कागदाची आहे. आपण ते कॉम्प्लेक्स जमिनीवर काढूया. खरं तेवढंच. साहेबाला आत चालायला लावू. लोकांना चालायला लावू. चाललं की कळतं!"

साहेब मंजुरीची सही करण्याआधी जागा पाहायला येणार होते. त्या सकाळसाठी पत्र्याची दोन दारं उघडायची परवानगी अण्णांनी मिळवली, एक आपल्या घरासमोर आणि एक अक्काच्या. चुन्याच्या फक्कीची पोती आली. मी दोरी धरली, गड्यानं फक्की ओतायला सुरुवात केली आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून बायका धावत आल्या.

"सुण्णा बेडा, अण्णा! सुण्णा बेडा!" चुना नको. त्या रडकुंडीला आल्या होत्या. त्या रस्त्यावर चुन्याची रेघ म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दरवेळी रुंदीकरणाला अशीच पांढरी रेघ आली होती आणि कुणाचा व्हरांडा, कुणाची न्हाणी, कुणाचं फुलझाड घेऊन गेली होती. अण्णा समजावून थकले. शेवटी एक तरुण बाई म्हणाली की रेघच हवी ना, मग रांगोळीची काढूया, चुन्यापेक्षा बारीक येईल. बाकीच्यांनी लगेच मान डोलावली. अण्णा म्हणाले, "सरी, सरी. बरं. रेघ आली म्हणजे झालं."

हीच ती चूक. आणि ती आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही, हे आणखी नवल. दोघांच्याही घरी रोज सकाळी उंबऱ्याशी रांगोळी पडत होती.

साहेबांच्या दिवशी उजाडताच बायका कामाला लागल्या. इकडच्या आणि तिकडच्या, ज्यांनी एकमेकींना आजवर फक्त धुळीतून पाहिलं होतं. मी दोरी लावून मापं देत होते आणि त्या भराभर बसत, सरकत, हसत होत्या. एवढं मोठं अंगण त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. त्या कसल्या साध्या रेघेवर थांबतात! भिंतीच्या रेघेचा आधी काठ झाला, मग काठाचा शालूचा पदर झाला, कोपऱ्यांत मोर आले, जिन्याच्या जागी वेल चढली. "अम्मा, हे पार्किंग आहे! पार्किंगमध्ये कमळं कशाला?" अण्णा ओरडत फिरत होते. कमळं वाढतच गेली. ऊन वर आलं तेव्हा त्या काळ्या डांबरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जे काही पसरलं होतं, ते बघून माझ्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर मी त्या शहरात पुन्हा काही पाहिलं नाही.

साहेब आले. बरोबर त्यांचे दोन अधिकारी. अण्णा पुढे झाले आणि म्हणाले, "बन्नी साहेब, आत या. चालून बघा."

साहेबांनी खाली पाहिलं, पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. त्यांच्या एका अधिकाऱ्यानं तर बूटच काढून ठेवले. जमलेली माणसं काठाशी हात जोडल्यासारखी उभी. कुणी आत पाय टाकेना. अण्णांनी स्वतः पाऊल पुढं टाकलं, ते कमळाच्या वर अधांतरी थांबलं, आणि ते परत आले. रांगोळीवर पाय कोण देणार? तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला.

साहेब मात्र भारावून गेले होते. "अद्भुत," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "इतकं छान दिसेल असं मला कागदावर वाटलंच नव्हतं. काही बदलायचं नाही. मी आजच सही करतो."

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. दुसऱ्याचा बेत हाणून पाडायला निघालेला माणूस त्याचीच आरास करून बसला होता. 

तेवढ्यात पलीकडून हाक आली, "बाळ!"

अक्का. पत्र्याच्या उघड्या दारातून त्या बाहेर आल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कडीचा डबा. पत्रे उघडणार हे कळल्यावर त्यांनी पहाटे पुरण घातलं होतं आणि भावाच्या दारात स्वतःच्या पायांनी कटाची आमटी घेऊन जायची असं ठरवलं होतं. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता.

"अक्का! थांब, मी येतो!"

"तू कशाला? मीच येतेय की. वाट कुठनं ठेवलीयस?"

वाट ठेवलीच नव्हती. अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सरळ ये. ही भिंत न्हवं गे, रांगोळी हाय. ओलांड!"

अक्कांनी काठ पाहिला. तो शालूच्या पदराएवढा रुंद होता, आणि पलीकडे पाय ठेवावा म्हटलं तर कमळांशिवाय जागा नव्हती. त्यांनी मान हलवली. "लक्ष्मीवर पाय देऊन तुझ्याकडं येऊ होय रे? थांब. वळसा घालून येते."

आणि त्या निघाल्या. काठी, एक पाय, दुसरा ओढत पाय. रांगोळीच्या काठाकाठानं, पट्ट्याच्या दूरच्या टोकाकडे. ऊन चांगलंच तापलं होतं.  अण्णा आमच्या बाजूनं त्याच टोकाकडे तरातरा निघाले, पण साहेबांनी त्यांचा दंड धरला. "तुम्ही थांबा. मी जातो," ते म्हणाले. जाणार कसे? त्यांनाही रांगोळीवर पाय देता येईना. तेही काठानं चालू लागले, घाम पुसत. पार टोकाला त्यांची नि अक्कांची गाठ पडली. साहेबांनी त्यांचा डबा आपल्या हातात घेतला. दुसऱ्या हातावर अक्कांनी भार टाकला. मग ती दोघं आमच्या बाजूनं परत येऊ लागली, थांबत, टेकत. अक्का एकदा डांबरावरच बसल्या. साहेब त्यांच्यावर आपल्या फायलीची सावली धरून उभे राहिले.

त्या पोचल्या तेव्हा अण्णांनी त्यांना आधी धरलं, मग डबा घेतला, झाकण काढलं आणि तिथंच, उभ्या उभ्या, तोंडाला लावला.

"गार," ते म्हणाले. एवढंच. त्यांच्या मिशीवरून आमटी ओघळत होती आणि ती पुसायचंही भान त्यांना नव्हतं. इतकी वर्षं ज्याला त्याला ऐकवलेलं ते वाक्य त्या दिवशी त्यांना आठवलं नाही. मलाच म्हणावंसं वाटलं, पण गरज नव्हती. साहेब त्यांच्या हातातल्या डब्याकडे बघत होते. मग वळून त्यांनी अक्काचं घर पाहिलं. ते समोरच होतं, इतकं समोर, की दारातली तुळस दिसत होती.

 साहेब अण्णांच्या दारासमोर, अक्काच्या घराच्या रोखानं काठ होता तिथं गेले, पँट वर ओढून उकिडवे बसले, आधी बोटं कपाळाला लावली आणि मग तळहातानं रांगोळी पुसायला लागले. "अय्यो!" बायका किंचाळल्या. साहेब पुसत राहिले. एक माणूस सुखानं जाईल एवढी जागा झाली तेव्हा त्यांनी पांढरा झालेला हात वर केला. "इल्ली दारी बिडी," ते म्हणाले. इथं वाट सोडा.

 मग ती रांगोळी सुचवणारी तरुण बाई पुढं आली, पुसलेल्या जागेच्या दोन्ही कडा तिनं चिमटीनं नीट केल्या आणि दाराला असावेत तसे दोन बाजूंना दोन दिवे काढले. झालं! एकच कल्ला उडाला. "आमच्यासमोर पण!" "शाळेकडं जायला इथं पाहिजे!" "देवळासमोर बंद कसं करता?" बायका आपण काढलेलं आपणच पुसत होत्या, नवं काढत होत्या. कॉम्प्लेक्सचे तुकडे पडत होते आणि तुकड्यांमधून गल्ल्या निघत होत्या. पोरं पहिल्यांदाच आत घुसली आणि गल्ल्यांतून पळत सुटली. साहेब कमरेवर हात ठेवून सूचना देत होते, "स्वल्प रुंद करा!" मी डांबरावर मांडी घालून वेड्यासारखी मापं उतरवून घेत होते. आणि अण्णा? अण्णा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत चालत होते. बोटांनी नव्हे, आपल्या दोन पायांनी.

पुढं मी पुण्याला परतले, स्वतःचं ऑफिस काढलं. अजून नवा आराखडा आला की दार लावून घेते आणि त्यावर बोटं चालवते. अण्णा आणि अक्का दोघंही आता नाहीत. पण तो पट्टा आहे. बैठी दुकानं, मध्ये झाडं, आणि आडव्या गल्ल्या, जिनं जिथं वाट पाडली तिच्या घरावरून ओळखल्या जाणाऱ्या.

सगळं बांधून झालं आणि पत्रे उतरले त्या दिवशी मी तिथंच होते. अण्णा सकाळपासून पाट पुसून वाट बघत बसले होते. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी अक्का दिसल्या, काठी टेकत, हातात कडीचा डबा. यावेळी कुणी मदतीला गेलं नाही. त्यांनी जाऊ दिलं नसतं. उंबऱ्याशी आल्या, थांबल्या, आत पाऊल टाकलं आणि खिडकीजवळच्या आपल्या पाटावर टेकल्या.  अण्णांनी घाईघाईनं वाटी भरली आणि एका दमात तोंडाला लावली.

"हा! हा हा!" ते उडालेच. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वाटी तशीच हातात धरून ते व्हरांड्यात धावले आणि सगळ्या रस्त्याला ओरडून सांगू लागले, "भाजली! जीभ भाजली गे, पुणेकर! भाजली!"

आतून अक्काचा आवाज आला, "फुंकून पी म्हणून लहानपणापासनं सांगतेय की रे, बाळ."